वखारीमागचे सहा जण

काका, तुम्हाला थाई येत नव्हतं.

हे मला तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी कळलं. तुमच्याकडे राहिलेल्या तीन टेप परत करायला मी पिमबाईंच्या थाई किराणा दुकानात गेलो होतो. तुम्ही गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी हात जोडले, आत गेल्या आणि नारळाच्या दुधाच्या डब्यांमागून एक डीव्हीडी घेऊन आल्या. तुमच्या मित्राच्या आवडत्या दिग्दर्शकाची आहे, म्हणाल्या. जुना सिनेमा आता असा निघालाय, खाली इंग्रजी अक्षरं येतात, घेऊन जा, परत देऊ नका. मी म्हटलं, काकांना अक्षरं आवडायची नाहीत, त्यांना तुमची भाषा येत होती ना. त्यांनी मान हलवली, एक शब्दही येत नव्हता म्हणाल्या.

सात वर्षं तुम्ही त्या दुकानात जात होतात. टेप किती हव्यात असं त्या थाईत विचारायच्या, तुम्ही हसून तीन बोटं दाखवायचात.

"एकदा मी विचारलं, बाहेर पाऊस थांबला का," पिमबाई म्हणाल्या. "तेव्हाही तीन बोटं."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी तिथल्या तांदळाच्या पोत्यावर बसलो.

डीव्हीडी मी त्याच दुपारी लावली. तो सिनेमा मला तोंडपाठ आहे असं मी समजत होतो. शेवटाकडे जखमी गुरुजी झाडाला टेकून बसलेले असतात. शहरात निघून गेलेला शिष्य धावत येतो, उशिरा येतो, गुडघे टेकून समोर बसतो. गुरुजी डोळे उघडून एवढंच बोलतात. पाच वर्षांपूर्वी तुम्ही मला ते मराठीत सांगितलं होतंत: "उशीर झाला म्हणून काय झालं? जेवलास का?"

खाली अक्षरं आली. वखारीमागे सहा जण आहेत. पहिल्या दोघांकडे चाकू आहेत.

मी मागे नेऊन पुन्हा बघितलं. सहा जण. आणखी एकदा बघितलं. सहाच जण होते.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. तुम्ही गेलात याचं दुःख कुठे ठेवायचं ते मला कळत होतं, त्याला निदान एक जागा होती. या सहा जणांना कुठे ठेवू?

आपली ओळख झाली त्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली होती. दोन हजार एक साल, सांता क्लारात रोज कुणाची ना कुणाची जात होती. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या घडी करून ठेवताना तुम्ही विचारलंत, "काय करतोस?" मी म्हटलं, टेक्निकल रायटर होतो, मॅन्युअल लिहायचो. "म्हणजे आता काही करत नाहीस. मग शनिवारी दुपारी गराजमध्ये ये." मी चार वेळा विचारलं, कशासाठी. "ये तर! पंडित दिसतोस, जरा मारामारी बघ."

गराजमधली गाडी तुम्ही दर शनिवारी बाहेर काढायचात. वॉटर हीटरशेजारी जुना टीव्ही, दोन घडीच्या खुर्च्या, मध्ये खोक्यावर काकूंचा चिवडा. घरात ही आरडाओरड चालणार नाही हा काकूंचा नियम होता. पहिल्या टेपवर धुळीत दहाबारा माणसं एकमेकांना तुडवत होती आणि तुम्ही टीव्हीशेजारी माझ्याकडे तोंड करून बसला होतात. ते लोक बोलायला लागले आणि तुम्हीही मराठीत बोलायला लागलात. सगळ्यांचे आवाज तुमचेच. गावगुंड, गुंडाची आई, पोलीस, नायिका. रेडा हंबरला तेव्हा रेडाही तुम्हीच. मला वाटलं, या माणसाला काहीतरी झालंय.

मग तुम्ही सांगितलंत. अमेरिकेला येण्याआधी तुम्ही थायलंडच्या ईशान्येला धरणाच्या कामावर होतात. तिथे देवळाच्या पटांगणात पडदा लावून सिनेमे दाखवत. फिल्म मुकी असायची. पडद्याशेजारी मायक्रोफोन घेऊन एक माणूस बसायचा आणि सगळी पात्रं तो बोलायचा. आज एका गावात एक बोलेल, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. गावच्या मुखियाचं नाव खलनायकाला देईल. लोक सिनेमा कुणाचा हे विचारायचे नाहीत, आज बोलणार कोण हे विचारायचे. "त्याच्याइतका मोठा नट मी आयुष्यात पाहिला नाही," तुम्ही म्हणाला होतात.

हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत. तेव्हा मी ते एक माहिती म्हणून वहीत लिहून घेतलं. तुम्ही त्याच वेळी मला सगळं कबूल करून टाकलं होतंत का? आणि मी ते ऐकलं नाही, असं का? मला ठरवता येत नाही.

त्या टेपच्या दिग्दर्शकाला आपण कधी नावाने हाक मारली नाही. तुम्ही त्यांना मास्तर म्हणायचात, मीही म्हणू लागलो. ते त्याच ईशान्येकडचे. त्यांच्याकडे दोरखंड, क्रेन, बदली माणसं असलं काही नव्हतं. गावातली कसरत करणारी दहाबारा मुलं गोळा करून त्यांनी सिनेमे काढले, एकामागून एक. पहिल्या मारामारीत मेलेला माणूस तिसऱ्या मारामारीत मिशी लावून परत यायचा. त्यातल्या एका जाड्या गृहस्थावर तुमचा फार जीव. "आला बघ जाड्या! आज चार वेळा मेला, दमला असेल." मास्तर स्वतः खरोखर छपरावरून पडायचे. कॅमेरा तो क्षण कापायचा नाही, पडलेला माणूस उठेपर्यंत थांबायचा. कुणाच्या किती जखमा दिसल्या त्याचा तुम्ही वहीत रकाना केला होतात. डावा खांदा, दोन दात, घोटा, पुन्हा घोटा.

आपल्या दोघांना मिळून एक गोष्ट दिसली आणि ती खरी आहे, ती माझ्यापासून कुणी काढून घेऊ शकत नाही, कारण तिला शब्द लागत नाहीत. पहिल्या आठदहा सिनेमांत मास्तर स्वतः नायक आहेत, पडद्याच्या मधोमध. मग ते नायकाचे मोठे भाऊ होतात. मग गुरुजी, झाडाखाली बसलेले. मग एका सिनेमात नुसते गर्दीत उभे, चहा पिताना. मग दिसतच नाहीत, पण समोर लढणाऱ्या पोराची लाथ त्यांचीच असते. तुम्ही टेप थांबवून म्हणालात, "पंडित, हा माणूस दर वर्षी एक पाऊल मागे जातोय. आणि लोकांना वाटतं याचं करिअर संपलं."

मी तेव्हाच ठरवलं, यावर लिहायचं.

बाबांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन हजार तीनमध्ये नागपूरला बाबा आजारी पडले. मी नव्या नोकरीत, एच-वन व्हिसाचा कागद अडकलेला. वकील म्हणाले, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत येण्याची खात्री मी देणार नाही. मी थांबलो. सात आठवडे रोज फोन करत थांबलो. कागद आला त्याच आठवड्यात बाबा गेले. मी पोचलो तो तिसरा दिवस होता, दादाने सगळं केलेलं होतं. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

परत आल्यावर शनिवारी मी तुमच्याकडे आलो. तुम्ही बाबांबद्दल काही विचारलं नाहीत. "बस," म्हणालात आणि टेप लावलीत. तोच सिनेमा, पहिल्यांदाच. गुरुजी झाडाला टेकले, शिष्य धावत आला. गुरुजींनी तोंड उघडलं आणि तुम्ही टीव्हीकडे न बघता, माझ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणालात, "उशीर झाला म्हणून काय झालं? जेवलास का?"

मी काय केलं ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, "रिवाइंड करा."

"कशाला?"

"नेमकं काय म्हणाला तो? मारामारीच्या सिनेमात मरणारा माणूस असं बोलेल का?"

"हेच म्हणाला."

"शब्दशः सांगा ना."

"टेप खराब होते रे मागे-पुढे करून," तुम्ही म्हणालात आणि चिवड्याची वाटी माझ्याकडे सरकवलीत.

घरी जाऊन मी ते वाक्य वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. कामावर, गाडीत, सिग्नलला थांबल्यावर ते मी स्वतःशी म्हणायचो. बाबांनी मला शेवटचं काय सांगितलं असतं ते मला माहीत नाही. त्या रिकाम्या जागी मी मास्तरांचं वाक्य ठेवून दिलं आणि पाच वर्षं ते तिथे बसलं. माझा त्याच्यावर एवढा विश्वास बसला त्याचं कारणच हे होतं, की ते माझ्यासाठी म्हटलेलं नव्हतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला, मला ओळखतही नसलेल्या एका माणसाने ते आपल्या सिनेमात लिहिलं होतं. माझी कीव करून कुणी ते बोललेलं नव्हतं. असं मला वाटत होतं.

दोन हजार पाचमध्ये मास्तरांच्या शिष्यांचा सिनेमा इथल्या थिएटरला लागला. सॅन होजेला आपण मोठ्या उत्साहाने गेलो. तुम्ही पॉपकॉर्न घेतलंत आणि पहिल्या दहा मिनिटांनंतर त्याला हातही लावला नाहीत. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. सगळं थिएटर ती वाचत होतं. येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "अक्षरं पायांवर येतात रे. सगळी कला पायांत आहे आणि लोक वाचत बसले." मी विचारलं, भाषांतर बरोबर होतं का. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बरं होतं." मला तुमची निष्ठा वाटली. आता ती भीती वाटते. अक्षरं पायांवर येतात हेही खोटं नाही, परवा मी स्वतः पाहिलं. तुमच्या थापांमध्ये खरं इतकं मिसळलेलं आहे की मला निवडता येत नाही.

मग माझा लेख. मास्तरांची सगळी कारकीर्द, दोन भागांत, तुमच्या आणि माझ्या नावाने, मंडळाच्या दिवाळी अंकासाठी. गेल्या वर्षी पहिला भाग लिहून मी तुम्हाला वाचायला दिला. दोन दिवसांनी तुमचा फोन आला.

"पंडित, झक्कास झालाय. फक्त ते गुरुजींचं वाक्य काढ."

"का?"

"नको वाटतं मला."

"काका, अख्खा लेख त्याच्यावर उभा आहे."

"मग त्याला जरा खाली बसव. उभं राहून दमेल."

"चेष्टा नको. तुम्हीच सांगितलंत ना ते वाक्य?"

"मी काय रे, मी सांगतोच."

"मग ते बरोबर आहे की चूक?"

 मग म्हणालात, "भाषांतर असं काटेकोर नसतं."

त्यावर मी जे म्हणालो ते इथे लिहायलाच हवं. मी म्हणालो, "काका, तुम्हाला मारामारी कळते. लेखनातलं मला कळतं. ते माझ्यावर सोडा." आणि फोन ठेवला.

पुढचे तीन शनिवार मी आलो नाही. चौथ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. "ये रे बाबा. एकटेच गराजमध्ये टीव्हीशी बोलत बसतात. शेजारचे काय म्हणतील?" मी आलो. तुम्ही खुर्ची पुसून दिलीत. वाक्याचा विषय तुम्हीही काढला नाहीत, मीही नाही. अंक तोवर छापायला गेला होता.

दिवाळीनंतर अल्फारेटाहून एका बाईंची ईमेल आली. त्यांचे वडील पुण्याला वारले, त्यांना जाता आलं नाही. घरी जमलेल्या लोकांपुढे त्यांनी आपल्या लेखातलं ते वाक्य वाचून दाखवलं होतं, थायलंडच्या एका थोर दिग्दर्शकाचं म्हणून. मी ती ईमेल अभिमानाने तुम्हाला पाठवली. तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं: "बरं." मला वाटलं, म्हातारा अजून रुसलाय.

काका, तुम्ही मला दोनदा सांगायचा प्रयत्न केलात. की तीनदा? मी मोजायला बसलो की आकडा वाढत जातो.

गेल्या रविवारी काकूंनी मला टेप उचलायला बोलावलं. गराजमध्ये त्या तुमच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी डीव्हीडीचं सांगितलं. कसं सांगावं ते कळेना, म्हणून सरळ म्हटलं, "काकू, काकांना थाई येत नव्हतं."

"कुठलं यायला? दोन वर्षं म्हणायचे ते, होते सात महिने. त्यातले दोन कावीळ. कॅम्पवर स्वयंपाकी मद्रासचा आणि साहेब सांगलीचे." मग त्या माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "म्हणजे? तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, तुमचा दोघांचा खेळ आहे तो. अरे, एवढा शिकलेला माणूस तू!" त्या हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग पदर डोळ्यांवर गेला. 

मग मी वाक्याबद्दल विचारलं. काका हे कुठून आणायचे?  "जेवणाचं म्हणतोस? आम्ही ओहायोला होतो तेव्हा मामंजी गेले. पत्र आलं सतरा दिवसांनी. हे त्या दिवशी कामावर गेले, संध्याकाळी आले. मी ताट वाढलं तर म्हणाले, जेवलोय. कुठे जेवले, कोण जाणे. थर्टी एट इयर्स झाली, मी कधी विचारलं नाही."

त्या एवढंच म्हणाल्या. त्यातून मी काही सिद्ध करणार नाही, मॅन्युअल लिहिणाऱ्या माणसाने इतपत शिस्त पाळावी. पण तेव्हापासून गोंधळ वाढलाच आहे. ते वाक्य तुम्ही माझ्यासाठी रचलंत, की ते तुमच्याकडे आधीपासून होतं आणि बोलायला एक तोंड शोधत होतं? तुम्ही मला फसवलंत की सांभाळलंत? या दोन्हींसाठी दोन शब्द आहेत म्हणजे त्या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, पण त्या गराजमध्ये उभं राहून मला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. रागही येतो. मी एका बाईंच्या वडिलांच्या दिवसांना खोटं वाक्य पाठवलं. त्यांना आता काय लिहू? वाक्य परत मागू?

संपादकांना दुसरा भाग हवा आहे. त्याऐवजी हे पाठवतो आहे, आणि पहिल्या भागातली दुरुस्ती इथेच नोंदवतो: गुरुजींचं वाक्य मास्तरांचं नाही. मास्तरांच्या सिनेमात त्या जागी वखारीमागचे सहा जण आहेत. लेखात उरलेलं काय खरं, काय तुमचं, हे मला एकेक सिनेमा बघून तपासावं लागेल, आणि काही टेपची अक्षरं असलेली प्रत कधी निघणारच नाही. मास्तर एकेक पाऊल मागे गेले, एवढं मात्र खरं आहे. त्यांच्याबरोबर तुम्हीही मागे जात होतात हे मी बघायला हवं होतं. तुम्ही टीव्हीशेजारी बसायचात, पडद्यावर कधीच नाही, आणि सात वर्षं मी फक्त पडद्याकडे बघितलं.

त्या रविवारी टेप खोक्यात भरून झाल्यावर काकू म्हणाल्या, "तो जेवणाचा लाव. मी कधी बघितलाच नाही तुमचा सिनेमा." मी टेप लावली. आवाज बंद केला, का ते सांगता येणार नाही. गाडी बाहेर, गराजचं दार अर्धं वर, फरशीवर दुपारचं ऊन. गुरुजी झाडाला टेकले. शिष्य धावत आला, गुडघ्यावर बसला. गुरुजींचं तोंड हललं.

"काय म्हणतो?" काकू म्हणाल्या. "बोल की!"

मला दोन्ही वाक्यं माहीत होती. मी घसा साफ केला आणि तुमचं म्हटलं. माझा आवाज वाईट लागला, म्हाताऱ्याचा नव्हताच तो.

"मग पोरगा काय म्हणतो?"

"काही नाही. मान हलवतो आणि पळत जातो."

"उत्तर देत नाही?"

"काकांनी त्याला कधी बोलवलं नाही. तो गप्पच असायचा."

"इतक्या वेळा बघितलंत," काकू म्हणाल्या, "आणि एकदाही नाही?"

एकदाही नाही, काका. माझ्या वहीतही तेच लिहिलंय: शिष्य, गप्प. मला वाटायचं, मास्तरांनी ती शांतता मुद्दाम ठेवली आहे, त्यावर मी लेखात एक परिच्छेदही लिहिला. ती शांतता तुम्ही माझ्यासाठी मोकळी सोडली होतीत. पाच वर्षांपूर्वी त्या शनिवारी तुम्ही पडद्याकडे पाठ करून मला एक साधा प्रश्न विचारला, आणि मी त्याचे शब्द तपासत बसलो.

तर, नाही. जेवलो नव्हतो, काका. नागपूरहून येऊन चार दिवस झाले होते आणि घास खाली उतरत नव्हता.